खेळ मांडणाऱ्याचे उत्तरदायित्व

भातुकलीच्या खेळात ‘मी आई, तू पाहुणी’ एवढे ठरले की पुरे होते. पानाफुलांचा स्वयंपाक खोटा असतो. परंतु पाहुणीच्या पानात कोणी काही वाढलेच नाही, तर तिच्या डोळ्यांत येणारे पाणी खोटे नसते. प्रसंग काल्पनिक असला तरी खेळणारे मन काल्पनिक नसते, हे लहान मुलेही जाणतात. प्रौढ माणसे जेव्हा भातुकली मांडू लागतात, तेव्हा मात्र याच साध्या गोष्टीतून एक गंभीर नैतिक प्रश्न उभा राहतो. त्याचा आज आपण विचार करू या.

पाश्चात्त्य देशांत गेल्या काही दशकांत एक आगळा खेळप्रकार रुजला आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘लार्प’ म्हणतात. त्यात पाठ केलेले संवाद नसतात आणि सहसा प्रेक्षकही नसतात. रचनाकार एक जग व त्यातील पात्रे कल्पितो. खेळणारे ती पात्रे अंगीकारून काही तास किंवा काही दिवस प्रत्यक्ष त्या जगात वावरतात आणि आपल्या निर्णयांनी कथेला वळण देतात. इंग्लंडमधील चेशायर परगण्यातल्या पेकफर्टन किल्ल्यात १९८२ साली ‘ट्रेझर ट्रॅप’ हा असा खेळ सुरू झाला, तेव्हा त्यात तलवारी व राक्षस यांचे राज्य होते. पुढे १९९७ साली ऑस्लो येथे ‘क्नुटेपुंक्ट’ हे संमेलन भरले आणि उत्तर युरोपातील रचनाकार आपल्या कलेची एकत्रितपणे चिकित्सा करू लागले. निर्वासितांची छावणी, तुरुंग, रोग, मृत्यू असे विषयही मग या खेळांनी हाताळले.

प्रश्न असा की, खेळणारा स्वेच्छेने आला असेल, तर त्याला जे सोसावे लागेल त्याचे उत्तरदायित्व खेळ मांडणाऱ्यावर येते काय? वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. कोणी कोणावर बळजबरी केलेली नाही. सज्ञान माणसाने होकार दिला. त्याच्या होकाराचा मान राखणे हाच त्याचा आदर होय. या युक्तिवादात तथ्य आहे. माणसाला जपण्याच्या नावाखाली त्याला कायम अजाण ठरविणे हाही एक अपमानच आहे.

तथापि, वाचकहो, होकार म्हणजे नेमके काय, हे तपासून पाहिले पाहिजे. जे ठाऊकच नाही त्याला संमती देता येत नाही. आणि कथेचा प्राण तर अज्ञातात असतो. पुढे काय घडणार हे आधीच सांगितले, तर खेळ उरेल कोठे? ही अडचण खरी असली तरी दुस्तर नाही. रहस्यकथेच्या खेळात खुनी कोण, हे लपविणे योग्यच आहे. पण खेळात खून, कैद किंवा अपमान यांचे प्रसंग येणार आहेत, हे लपविणे योग्य नाही. घटना गुप्त राहू शकते. तिची जात व तिचा दाह गुप्त राहता कामा नये. पहिल्या लपवण्यातून उत्कंठा जन्मते, दुसऱ्यातून फसवणूक.

दुसरी गोष्ट काळाची. सकाळी दिलेला होकार रात्रीही टिकून असतो काय? येथे खेळाच्या एका सख्ख्या शेजाऱ्याचे उदाहरण उपयोगी पडेल. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात फिलिप झिम्बार्डो या मानसशास्त्रज्ञांनी एका तळघरात नकली तुरुंग उभारला. तरुणांनी दररोज १५ डॉलरांच्या मोबदल्यात कैदी किंवा पहारेकरी होणे स्वेच्छेने स्वीकारले होते. दोन आठवड्यांचा तो प्रयोग सहा दिवसांत बंद करावा लागला. पहारेकऱ्यांना कठोर होण्यास उत्तेजन मिळाले होते, असे पुढे उजेडात आल्याने त्या प्रयोगाच्या शास्त्रीय मूल्याविषयी शंका घेतल्या गेल्या. परंतु आपल्या प्रश्नापुरता एक बोध निर्विवाद आहे. प्रयोगाचे सूत्रधार स्वतःच त्या तुरुंगाचे अधीक्षक झाले होते. बाहेर पडू इच्छिणाऱ्याने ज्याच्याकडे जायचे, तोच भूमिकेत बुडालेला होता. बाहेरून आलेल्या क्रिस्टिना मास्लॅक या तरुण मानसशास्त्रज्ञेने तीव्र आक्षेप घेतला, तेव्हा त्यांचे डोळे उघडले. म्हणून कोणत्याही खेळात निदान एक जण तरी भूमिकेबाहेर, शुद्धीवर राहिला पाहिजे.

उत्तर युरोपातील खेळांत यासाठी दोन शब्द रूढ झाले. एक ‘थांबा’ या अर्थाचा. तो उच्चारताच सर्व खेळ थबकतो. दुसरा ‘सबुरीने’ या अर्थाचा. तो ऐकून समोरचा आपली तीव्रता कमी करतो. योजना उत्तम आहे. पण नुसता शब्द दिल्याने कर्तव्य संपत नाही. चाळीस जणांच्या रंगलेल्या खेळात विरस करणारा शब्द उच्चारायला धैर्य लागते, आणि ज्याला त्या शब्दाची गरज पडते, त्याच्यापाशी त्या घटकेस नेमके धैर्यच उरलेले नसते. तेव्हा बाहेर पडणे केवळ शक्य असून भागत नाही. ते सन्मानाचे वाटले पाहिजे. खेळापूर्वी तो शब्द सर्वांकडून मोठ्याने म्हणवून घेणे, बाहेर आलेल्याला कारण न विचारणे, त्याच्यासाठी चहा व एक शांत खोली तयार ठेवणे, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींतच रचनाकाराची नीती दिसते.

याचा अर्थ खेळाने दुःखाला स्पर्शच करू नये, असा नाही. ‘जस्ट अ लिटल लव्हिन’ हा खेळ २०११ साली नॉर्वेत प्रथम खेळला गेला. १९८२ ते १९८४ या वर्षांतील तीन उन्हाळ्यांत एड्सच्या छायेत सापडलेली न्यूयॉर्कमधील मित्रमंडळी हा त्याचा विषय. त्यात पात्रे मरतात आणि खेळणारे खरोखर रडतात. परंतु तेथे आधी कार्यशाळा होते, अंकांच्या मध्ये लोक भूमिका उतरवून एकमेकांशी बोलतात आणि पुढे काय सोसायचे, हे स्वतः ठरवितात. दुःख तेच; पण ते लादलेले आणि स्वीकारलेले यांत फार मोठे अंतर आहे.

आणि ज्यांनी होकार दिलेलाच नाही त्यांचे काय? ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल यांनी ‘अदृश्य रंगभूमी’ योजिली. उपाहारगृहात नट जेवतो, पैसे नाहीत म्हणतो, बिलाच्या बदल्यात श्रम देऊ करतो. आणि मजुराच्या वेतनावर सभोवती खरी चर्चा पेटते. हे नाटक आहे, हे भोवतालच्या लोकांना ठाऊक नसते. हेतू निःसंशय उदात्त होता, आणि दडपशाहीच्या काळात अशा मार्गांची निकडही समजण्याजोगी आहे. तरीही त्या उपाहारगृहातील वाढप्याचा संताप व त्याची भीती खरी होती, आणि ती कोणाच्या तरी उपयोगासाठी त्याला न विचारता वापरली गेली. ‘तुमचा खेळ होतो, पण आमचा जीव जातो’ ही आपल्याकडील म्हण अशाच अनाहूत सहभागी झालेल्यांच्या वतीने बोलते.

सुज्ञ वाचकहो, हा विषय दूरदेशीच्या हौशी लोकांचा, असे समजू नका. शिबिरात, वर्गात, प्रशिक्षणात आपणही तरुणांना भूमिका देतो: ‘तू सावकार हो, तू कर्जदार.’ तेथे मुलांचा होकार तर आणखीच नाजूक असतो, कारण विचारणारा वडीलधारा असतो. म्हणून असा खेळ मांडण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. काय सोसावे लागेल, हे मी सांगितले आहे काय? मध्येच उठणाऱ्याची मान ताठ राहील काय? आणि खेळ संपल्यावर ज्याच्या वाट्याला कर्जदाराची भूमिका आली, त्याच्याजवळ जाऊन मी बसणार आहे काय? खेळणाऱ्याच्या होकाराने आपले उत्तरदायित्व संपत नाही. ते तेथूनच सुरू होते.