न झालेली जखम

१९६४ साली अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ या नावाचा, सुमारे फूटभर उंचीचा आणि एकवीस हलत्या अवयवांचा सैनिक बाजारात आणला, तेव्हा ‘बाहुली’ म्हटल्यास मुलगे त्यास हात लावणार नाहीत हे ओळखून तिने ‘अ‍ॅक्शन फिगर’ असे एक नवेच नाव रूढ केले. आणि मनुष्यदेहाच्या सर्वसाधारण आकृतीवर कोणासही मालकी सांगता येत नसल्यामुळे, नक्कल करणारास अदालतीत खेचता यावे एवढ्याकरिता त्याच्या उजव्या गालावर एक व्रण कोरला. सैनिकाच्या देहावरील व्रण ही त्याने कोठेतरी काहीतरी सोसल्याची साक्ष असते. येथे साक्ष आहे आणि सोसणारा नाही, ज्या लढाईत ती जखम व्हावयाची ती लढाई नाही, आणि जे आहे तो केवळ मालाच्या मालकीचा शिक्का आहे. प्रतिकृती कितीही सूक्ष्म केली तरी तिच्यातून निसटते ते काय, हा प्रश्न मी धर्मचिंतनाचा समजतो, कारण मनुष्य कशाने मनुष्य ठरतो या प्रश्नाशी तो थेट जाऊन भिडतो.

या प्रश्नाचा निवाडा करण्याचा प्रसंग अमेरिकेच्या जकातखात्यावर खरोखरीच आला होता. तेथील जुन्या दरपत्रकाप्रमाणे मनुष्याची प्रतिकृती ती बाहुली, आणि प्राणी, राक्षस वा यंत्रमानव यांची आकृती ते नुसते खेळणे. बाहुलीवर जकात अधिक. आपला ‘जो’ ही बाहुली नव्हे, अशी हॅस्ब्रोची तक्रार होती. ती वरिष्ठ अदालतीने १९८९ साली फेटाळली. पुढे टॉय बिझ या कंपनीने ‘एक्स-मेन’ कथांतील पात्रे मनुष्य नव्हेतच असा दावा मांडला, आणि २००३ साली आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अदालतीने त्या आकृतींचे नख्यांसारखे अमानवी अवयव तपासून तो मान्य केला. १२ टक्क्यांऐवजी ६.८ टक्के जकात लागू झाली. ज्या कथांचा सारा आक्रोश ‘आम्हीही मनुष्यच आहोत’ हा आहे, त्यांतील पात्रांचे मनुष्यत्व अशा रीतीने सरकारदप्तरी नामंजूर झाले. न्यायासनास मी दोष देत नाही. जकातीच्या नाक्यावर डोळ्यांना दिसेल त्यावरूनच निकाल द्यावा लागतो. परंतु अवयवांची तपासणी केल्याने मनुष्य सापडतो, ही समजूत त्या नाक्यापुरतीच ठेविली पाहिजे.

१९८२ पासून निघालेल्या पावणेचार इंची जोची अंतर्रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. गोव्यात कारखाना असलेली फनस्कूल कंपनी ही आकृती भारतात काढीत असे, त्यामुळे आपल्याकडील एका पिढीच्या हातांना तिचा चांगला परिचय आहे. पाठीवरचा एकच स्क्रू काढला की धडाची दोन शकले अलग होतात, आणि आत, पोटाच्या पोकळीत, एक काळे रबरी कडे दिसते. दोन्ही पायांना जोडणारा धातूचा आकडा या कड्यात अडकविलेला असतो, आणि त्या कड्याच्या ताणावर हा सारा योद्धा उभा राहिलेला असतो. वर्षे लोटली की रबर कडक होते, त्यास भेगा पडतात, आणि एके दिवशी हात लावताच धड एकीकडे व पाय दुसरीकडे पडतात. संग्राहक नवे कडे घालतो, स्क्रू पिळतो, आणि सैनिक पूर्ववत सज्ज होतो. पाय दुसऱ्याच आकृतीचे लाविले तरीही त्याची काही हरकत नसते.

सांख्यांनी पुरुषाच्या अस्तित्वाची जी प्रमाणे दिली त्यांतील पहिले असे, की जो जो संघात, म्हणजे अनेक भाग जुळवून सिद्ध झालेली वस्तू, तो तो दुसऱ्याकरिता असतो. पलंग पलंगाकरिता नसून निजणाऱ्याकरिता असतो. त्याचप्रमाणे देह हाही संघातच असल्यामुळे, ज्याच्याकरिता तो आहे असा, स्वतः संघात नसलेला कोणी भोक्ता मानिला पाहिजे. जोच्या बाबतीत हा भोक्ता, म्हणजे संग्राहक, कपाटासमोर उभा आहे, त्या देहाच्या सर्वस्वी बाहेर. आपल्या बाबतीत तो या देहाला आतून आपला म्हणतो, आणि गुडघा दुखला तर ते दुखणे दुसऱ्या कोणाच्या हवाली करू शकत नाही. बौद्धांना हे मान्य नाही. संघातापलीकडे कोणी नसून वेदनांचा प्रवाह तेवढा आहे, असे ते म्हणतील. मला सांख्यांचे म्हणणे अधिक पटते, तरी येथे त्या जुन्या तंट्याचा फैसला करण्याचे कारण नाही. दुःख आहे, याविषयी उभय पक्षांत दुमत नाही, आणि बाहुल्यात नेमके तेच नाही.

म्हणूनच हल्ली हाँगकाँगच्या कंपन्या काढीत असलेल्या एक-षष्ठांश प्रमाणाच्या आकृती पाहताना मला विस्मयाबरोबर चिंताही वाटते. त्यांच्या बुटांना खऱ्या नाड्या असतात, गणवेश खऱ्या कापडाचा असतो, पिस्तुलाचे काडतूसघर सुटे होते. आणि कारागीर चिलखतावर चिखलाचे शिंतोडे व जळल्याचे डाग हाताने रंगवितात, त्यास संग्राहक ‘वेदरिंग’ म्हणतात. ‘स्टार वॉर्स’मधील काल्पनिक शिपायाच्या बाबतीत यात वावगे काही नाही, त्याची लढाई सर्वांच्या संमतीने खोटी आहे, आणि अशा संग्रहास मोह म्हणून हिणविणारांशी मी सहमत नाही, कारण मनुष्याच्या हातून एवढे बारीक काम होते हे पाहण्यात निर्मळ आनंद आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धातील जर्मन शिपाई जेव्हा इतक्या निष्ठेने शिवला जातो की खांद्यावरील पट्टीवरून त्याचा हुद्दा आणि शाखा सांगता यावी, तेव्हा त्या सैन्याने कोणत्या गावांत काय केले आणि त्याच्यावर काय गुदरले, यांतील काहीच त्या शिवणीत उतरत नाही. आणि तपशील बिनचूक असल्यामुळेच पाहणारास सत्य पुरते हाती आल्याचा भास होतो. जो संग्राहक अशा आकृतीबरोबर त्या पलटणीची हकीकत, तिच्यातील शिपायांच्या रोजनिशा आणि तिच्या वाटेत सापडलेल्या लोकांच्या जबान्या मिळवून वाचतो, तो या भासातून सुटतो. त्याच्या कपाटात तो शिपाई कोठे उभा करावयाचा, किंवा मुळी उभा करावयाचा की नाही, हे मग त्या जबान्या ठरवितात.