बापाचाच धंदा पुन्हा शिकावा काय?

20 सप्टेंबर 2024 रोजी वर्धा येथे पीएम विश्वकर्मा योजनेच्या वर्षपूर्तीचा समारंभ झाला. सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, चांभार इत्यादी 18 धंद्यांतील ज्यांचा हात त्या कामावर आहे अशांस ती योजना अधिक शिक्षण देते. शिकण्याच्या काळात रोज 500 रुपये मिळतात, व हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्यही ठेविले आहे. शिकावयास गेलो तर मजुरी बुडेल, ही गरिबाची जुनी व खरी अडचण तेथे पुष्कळ अंशी दूर होते.

तरी आठवडी बाजारात जोडे शिवणारे आमचे काही बंधू नाव नोंदविण्यास कचरतात. त्यांस आळशी म्हणावयास आम्ही धजत नाही. ते पुसतात, "ज्या कातड्यापायी आमच्या बापास वेशीबाहेर उभे केले, तेच आता सरकारी कागदावरही आमच्या नावापुढे लिहावे काय?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. याच वर्ध्यात, मगनवाडीस, ग्रामोद्योग संघाचे कार्य चालविणारे जे. सी. कुमारप्पा आपल्याच धर्माचे होते. लंडनमध्ये हिशेबतपासणीची विद्या शिकलेला हा गृहस्थ 1934 नंतर तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांत रमला, आणि लोकांनी त्यास त्याग म्हटले. आमचा बंधू आरी हाती घेतो तेव्हा मात्र लोक त्याची जात काढितात! काम दोघांचेही हातांचेच. भेद इतकाच की, एकाने ते निवडले आणि दुसऱ्यावर ते लादले गेले. पौल तंबू शिवीत असे, हे दाखले देणाऱ्या उपदेशकांनी हाही भेद ध्यानी धरावा.

म्हणून आमचे मत असे की, शिक्षण अवश्य घ्यावे, परंतु निवड शिकणाऱ्याची असावी. चांगला जोडा करणारा कारागीर ग्राहकापुढे मान खाली घालीत नाही. किंमत तो सांगतो. आणि ज्याचे मन त्या कामास विटलेच असेल, त्यास किंवा त्याच्या मुलास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री वा जोडारी होण्याची वाट मोकळी आहे. तेथे बापाचा धंदा कोणी पुसत नाही.

मंडळीतील लिहिणाऱ्यांस एक विनंती. बंधूचा अर्ज भरावयास बसाल तेव्हा त्याच्या आडनावावरून धंद्याचा रकाना भरू नका. आधी त्यास विचारा.