भाड्याची खोली आणि टेलिफोनची तार

१९७८ साली पुण्यातील एका पेठेत, जुन्या वाड्याच्या माडीवरील एक खोली मी अकरा महिन्यांच्या करारावर घेतली, तेव्हा त्या वाड्यात सात बिऱ्हाडे, दोन नळ आणि एक टेलिफोन होता. टेलिफोन मालकांच्या बैठकीत, तिपाईवर, क्रोशाच्या विणलेल्या झाकणाखाली असे आणि त्याच्या तबकडीच्या एका भोकात पितळेचे चिमुकले कुलूप अडकवलेले असे. मालक सज्जन होते. त्यांचा नंबर ‘पी.पी.’ म्हणून नातलगांना कळवण्याची मोकळीक त्यांनी आम्हा सर्वांस दिली होती आणि कोणाचा फोन आला की त्यांचा धाकटा मुलगा चौकात उभा राहून ज्याची त्याला हाक मारी. या उपकाराचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु माझे वडील गेल्याची वार्ता गावच्या पोस्टातून ट्रंक कॉलने आली, त्या दिवशी मालकांकडे चैत्रातले हळदीकुंकू होते. भरल्या बैठकीत, अनोळखी बायकांच्या देखत, त्या तिपाईपाशी उभ्याने मला ती ऐकावी लागली आणि “बरं, रात्रीच्या गाडीने निघतो” एवढेच शब्द उच्चारून रिसीव्हर खाली ठेवावा लागला. दुःखालाही चार भिंती लागतात, हे मला त्या दिवशी कळले.

दिवसकार्य उरकून परतल्यावर टेलिफोनसाठी अर्ज करावा म्हणून मी कचेरीत गेलो. तेथील कारकुनाने सभ्यपणे सांगितले की अर्जासोबत राहत्या जागेचा पुरावा आणि घरमालकाचा ना-हरकत दाखला जोडावा लागेल. मालकांनी दाखला नाकारला. “तुम्ही भले गृहस्थ आहात, पण बिल तुमच्या नावाने या पत्त्यावर येऊ लागले की उद्या खोली तुमची झाली,” असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. भीती होती, आणि आज इतक्या वर्षांनी विचार करता ती भीती निराधार होती असे मला म्हणवत नाही.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला मोठे संरक्षण दिले होते आणि त्यातून सुटका म्हणून मालकवर्गाने ‘लिव्ह अँड लायसेन्स’ची, म्हणजे केवळ वापराच्या परवानगीची, वाट शोधली होती. परंतु १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस अशा परवान्यावर जागेत राहत असलेल्या इसमांस एका कलमासरशी भाडेकरूचा दर्जा बहाल केला. ज्याने विश्वासाने खोली दिली त्याची खोली अडकली. पुढेमागे अशीच आणखी एखादी दुरुस्ती येईल, आणि त्या वेळी कब्जा कोणाचा हे ठरवताना शिधापत्रिका, विजेचे बिल, टेलिफोनचे बिल असले कागद दप्तरातून बाहेर निघतील, ही धास्ती त्यानंतर घराघरांत शिरली. टेलिफोन हे संभाषणाचे साधन राहिले नाही. तो वहिवाटीचा पुरावा झाला.

त्यात टेलिफोन दुर्मीळ. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणातच देशात शंभर माणसांमागे टेलिफोनचे प्रमाण सुमारे ०.८ असल्याचे नमूद आहे. वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव लावून बसावे आणि पाळी येईतो खोली बदललेली असावी, हा अनुभव भाड्याने राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांच्या वाट्याला आला. ज्याच्यापाशी पत्ता नाही त्याला टेलिफोन नाही आणि ज्याच्यापाशी टेलिफोनचे बिल नाही त्याला पत्ता सिद्ध करता येत नाही, असा हा फेरा होता.

माझे म्हणणे असे की या फेऱ्यात दोष व्यक्तींचा नव्हता; राहणे आणि मालकी या दोन भिन्न गोष्टींची कायद्याने व व्यवहाराने जी गल्लत केली, तिचा होता. जो मनुष्य एखाद्या जागेत निजतो, अन्न शिजवतो, आजारी पडतो, त्याला त्या जागेतून जगाशी बोलण्याचा अधिकार त्याच्या राहण्यातून प्राप्त होतो, मालकाच्या मर्जीतून नव्हे. विजेच्या बाबतीत आपल्या देशाने हे तत्त्व मान्य केले आहे. २००३ च्या विद्युत कायद्यात वीजपुरवठा मागण्याचा हक्क जागेच्या मालकासच नव्हे, तर तेथे राहणाऱ्यासही दिला आहे. भाडेनियंत्रण कायद्यात मालकाने तोडू नयेत अशा ज्या अत्यावश्यक सेवा गणल्या आहेत, त्यांत पाणी आहे, वीज आहे, जिन्यातला दिवासुद्धा आहे. टेलिफोनचे नाव मात्र नाही. जिन्यात अंधार असू नये याची काळजी वाहणाऱ्या कायद्याला, वर राहणाऱ्या माणसाला रात्री-अपरात्री डॉक्टरांस बोलावता यावे, याचीही काळजी वाहता आली असती.

आता मालकांच्या भीतीविषयी. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्यान्वये परवान्याचा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक झाले. मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडून जागा परत मिळवण्याची तरतूद झाली आणि त्या कामी लेखी करार हाच त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा ठरवण्यात आला. अशा नोंदलेल्या करारापुढे टेलिफोनच्या बिलाचा काय पाड लागणार? भीतीचे कारण गेले; सवय मात्र उरली. आजही नांदेडहून, लातूरहून स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याच्या पेठांत येऊन एकेका खोलीत तिघे-चौघे राहणारी मुले ब्रॉडबँडची तार खोलीत आणू पाहतात, तेव्हा “भिंतीला भोक पाडायचे नाही, नावावर काही घ्यायचे नाही” हेच उत्तर त्यांतील पुष्कळांना ऐकावे लागते. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे हे खरे. पण चौघांच्या दिवसभराच्या अभ्यासाचा भार तो किती पेलणार?

मला स्वतःला टेलिफोन मिळाला तो दुसऱ्या घरी, पुष्कळ वर्षांनी. लाइनमनने खिडकीच्या चौकटीत हातड्रिलने करंगळीएवढे भोक पाडले, तार आत ओढली, भोकाभोवती लांबी भरली आणि अर्ध्या तासात तो निघून गेला. त्या चौकटीची काहीही हानी झाली नाही.

खोली भाड्याने देणाऱ्या वाचकांस माझी विनंती आहे : पुढचा करार नोंदवताना, राहणाऱ्यास स्वतःच्या नावाने टेलिफोन वा इंटरनेटची जोडणी घेता येईल, एवढी एक ओळ त्यात घाला आणि ना-हरकत दाखला किल्लीसोबतच त्याच्या हाती ठेवा.