तेजोवलय आणि विटाळ

जयंतीच्या सभेत एक शब्द हमखास येतो. तेजोवलय. बाबासाहेबांभोवती तेजोवलय होतं असं वक्ता म्हणतो आणि टाळ्या पडतात. मीही माझ्या एका कवितेत हा शब्द घातलाय. तेव्हा दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी स्वतःचीच झडती घेतो.

इंग्रजीत याला ऑरा म्हणतात. डिक्शनरी उघडली तर कळतं की मूळ ग्रीक-लॅटिन शब्दाचा अर्थ वाऱ्याची झुळूक. म्हंजे तो उजेड नव्हताच, हवा होती. पुढं माणसातून जे काही न दिसणारं बाहेर येतं ते ऑरा झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थिऑसॉफीवाल्यांनी त्याला रंगही दिले. साधूचा एक, रागीट माणसाचा दुसरा. आपल्याकडं देवाच्या मूर्तीमागं धातूची कमान असते, तिला प्रभावळ म्हणतात. ती वेगळी ओततात, मागं खोचतात, काळी पडली की चिंचेनं घासतात. देवाचं तेजसुद्धा घासावं लागतं.

असो. माझा मुद्दा वेगळा आहे. माणसाच्या कातडीबाहेर त्याचं काहीतरी पसरलेलं असतं, जन्मानंच असतं, हे ज्या डोक्यांनी मानलं त्याच डोक्यांनी आपल्याला अस्पृश्य केलं. विटाळ म्हंजे दुसरं काय? उलटं तेजोवलयच की! पेशवाईत महार-मांगांना दुपारी ३ नंतर आणि सकाळी ९ च्या आत पुण्याच्या वेशीत बंदी होती असं नोंदलेलं आहे, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात. १९२७ साली महाडला आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो, तर १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं शुद्ध केलं.

आणि गिरणी? तिथं तर देवही नव्हता, देऊळही नव्हतं. लोखंड होतं, वाफ होती. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार बरा मिळायचा. तिथं आपल्या माणसाला घेत नसत. का, तर कांडी बदलली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावं लागे. महाराचं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? खांद्याला खांदा लावून लाल बावटा धरणारे हेच कामगार. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. श्वास, थुंकी, झुळूक. ऑराचा मूळ अर्थ डिक्शनरीत वाचला तेव्हा मला पहिल्यांदा तो धोटाच आठवला.

कुणी म्हणेल, अरे ते रूपक आहे, एवढं काय मनावर घेतोस. पण रूपकाच्या पोटात विचार असतो. तेज म्हटलं की ते जन्मजात आलं. मग कोलंबियातला अभ्यास गेला, लंडनमधली उपासमार गेली, चष्म्याआड सुजलेले डोळे गेले. आपल्याला उरलं काय? हात जोडणं. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनीच बजावलं होतं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. सांचीच्या जुन्या शिल्पांत तर बुद्धाचं शरीरच कोरलेलं नाही. रिकामं आसन, पावलं, चक्र, बोधिवृक्ष. डोक्यामागची चकती पुढच्या काळातल्या मूर्तींना आली.

हे सगळं मी आईपुढं मांडलं. आमच्या खोलीत बाबासाहेबांचं कॅलेंडर आहे, मागं पिवळे किरण छापलेले. रोज कामाला जाताना ती त्याच्यापुढं उभी राहते. तिनं निवांत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू वाचलंस, तुला त्यांचं काम दिसतं. मला अक्षर येत नाही, मला उजेड दिसतो. त्या उजेडानं मी कुणाला विटाळते का?"

मी गप्प बसलो. कवितेतला शब्द मी खोडलाय. कॅलेंडर भिंतीवर आहे. आईला काय उत्तर द्यावं ते मला अजून सापडलेलं नाही. तुम्हांपैकी कुणाला सापडलं तर लिहा.