पोच आणि वाचन

प्रोग्रॅम हिशेबात गढलेला असताना नेटवर्कवरून टीसीपी या पद्धतीने आलेला मजकूर कुठे जातो? नेटवर्क कार्डाने आणलेलं पॅकेट कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, उचलतो, तपासतो आणि त्या प्रोग्रॅमच्या सॉकेटच्या बफरमध्ये ठेवतो. पाठवणाऱ्याला पोचही कर्नलच देतो. प्रोग्रॅमला यातलं काहीच ठाऊक नसतं. तो सवडीने वाचायला आला की बाइट क्रमाने हाती पडतात. कुठलं पॅकेट कुठे संपलं याची खूण मात्र उरत नाही.

या पोचेने मला एकदा फसवलं. समोरचा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला, बफरमधल्या न वाचलेल्या नोंदी त्याच्याबरोबर गेल्या आणि मी मात्र त्या पोहोचल्या असं धरून चाललो होतो. रजिस्टर पत्राची पोचपावती सही कुणाची ते सांगते, पत्र फोडलं की नाही ते सांगत नाही. सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४च्या निबंधात हे नेमकं मांडलं आहे: काम झाल्याची खात्री दोन टोकांच्या प्रोग्रॅमनीच एकमेकांना द्यायची असते, मधल्या यंत्रणेची ग्वाही पुरत नाही. आता नोंद डेटाबेसात उतरली की समोरच्या प्रोग्रॅमने तसं उत्तर पाठवायचं, हा माझा आग्रह असतो.

तरी टीसीपीबद्दल मला मनापासून आदर आहे, तो त्यातल्या ‘विंडो’मुळे. प्रत्येक पोचेसोबत घेणारा सांगतो, माझ्याकडे अजून इतकी जागा आहे. १९८१च्या आराखड्यात या आकड्याला १६ बिट होते, म्हणजे फार तर ६५,५३५ बाइट; तो पटीत वाढवायची सोय पुढे आली. वाचन रखडलं की आकडा घटत शून्यावर येतो. मग पाठवणाऱ्याचाही बफर भरतो आणि त्याचा प्रोग्रॅम लिहिता लिहिता अडतो. एकाची दमछाक दुसऱ्याला अशी कळते. यूडीपी या दुसऱ्या पद्धतीत ही सोय नाही. जागा संपली की पुढचं पॅकेट गुपचूप टाकून दिलं जातं.

बफर वाढवणं हा सोपा उपाय वाटतो. तात्पुरती लाट त्याने सावरते. पण येणं वाचण्यापेक्षा सतत जास्त असेल, तर मोठ्या बफरात फक्त जुना मजकूर जास्त साठतो.

विंडो शून्यावर आल्यावर पाठवणारा अधूनमधून विचारत राहतो, कारण ‘जागा झाली’ हा निरोप वाटेत हरवला तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतील. १९८९च्या नियमावलीनुसार, घेणारा या विचारणेला उत्तर देतो आहे तोवर, विंडो कितीही काळ बंद राहिली तरी, पाठवणाऱ्याने जोडणी तोडायची नाही.