जागेचा हक्क आणि जागेचें ऋण

एकाद्या गांवांतील जुनें उपाहारगृह नेहमींची जागा सोडून दुसरीकडे गेलें, किंवा कायमचें बंद झालें, म्हणजे तेथें नित्य जाणाऱ्या मनुष्यास वाईट वाटतें. हें वाईट वाटणें कितपत सयुक्तिक आहे, आणि त्यांतून कोणावर कांहीं कर्तव्य उत्पन्न होतें कीं नाहीं, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. नालासोपाऱ्यासारख्या ठिकाणीं तर तो वारंवार उपस्थित होतो. स्टेशनाच्या आसपासचीं बैठीं घरें व दुकानें जाऊन त्यांच्या जागीं मजल्यांवर मजले चढले. आणि नवरा गल्ल्यावर, बायको चुलीपुढें, मुलगा टेबलांमधून फिरता, अशा रीतीनें चालणाऱ्या घरगुती उपाहारगृहांनाहि मुक्काम हलवावा लागला.

कायद्याच्या दृष्टीनें उत्तर सोपें आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानें घरमालक व भाडेकरू या दोन पक्षांचे हक्क ठरविले. त्याची जागा घेणाऱ्या व ३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या महाराष्ट्राच्या कायद्यानें पागडीच्या देवघेवीसहि मान्यता दिली. परंतु वीस वर्षें त्याच बांकावर बसून चहा पिणाऱ्या गिऱ्हाइकास या दोहोंत स्थान नाहीं, आणि तें नसावें हेंच योग्य. त्यानें चहा घेतला, पैसे दिले. व्यवहार तेथेंच पुरा झाला. मग खंत कशाची?

पुष्कळ जण तिला निवळ संवयीची ओढ समजतात. पण तेवढेंच असतें, तर चहा दुसरीकडे मिळतांच ती शमली असती. मुंबईच्या जहांगीर कलादालनांतील, उषा खन्ना यांनीं १९६४ सालीं सुरू केलेलें ‘समोवार’ जागेसंबंधींच्या दीर्घ वादानंतर २०१५ च्या मार्चमध्यें बंद झालें, तेव्हां त्या भागांत खाण्यापिण्याची उणीव मुळींच नव्हती. धोबीतलावचें ‘बस्तानी’ २००४ सालीं मिटलें, तेव्हां जवळच ‘कयानी’ उघडें होतें. तरीहि लोक हळहळले; ते केवळ पदार्थांसाठीं नव्हे. ज्या टेबलाशीं बसून आपण नोकरीचा पहिला अर्ज लिहिला, किंवा वडिलांच्या दुखण्याची बातमी ऐकली, तें आपल्या आयुष्याचें साक्षी असतें. आणि साक्षी नाहींसा झाला म्हणजे घडलेली गोष्टहि थोडी अंधुक होते.

या बाबतींत आमच्या गांवाच्या इतिहासांतच एक बोधप्रद उदाहरण आहे. सोपारें म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं येथील स्तूप उकरला, तेव्हां एका दगडी पेटींत, एकांत एक ठेवलेल्या करंडकांच्या आंत, सोन्याच्या करंडकांत मातीच्या पात्राचे कांहीं तुकडे मिळाले. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून श्रद्धेनें जपलेले असावे, असें त्यांनीं मानलें. बौद्ध परंपरेंत पूज्य वस्तूंचे शारीरिक, पारिभोगिक व उद्देशिक असे तीन प्रकार सांगतात. पैकीं पारिभोगिक म्हणजे वापरानें पावन झालेली. मातीच्या खापराला सोन्याचें घर मिळालें, तें त्याच्या किंमतीमुळें नव्हे. त्यांत कोणाचें अन्न पडत होतें, यामुळें. घरगुती खानावळींतील झिजलेलें टेबल, अगदीं लहान प्रमाणांत का होईना, या अर्थानें पारिभोगिकच होय. आणि ते तुकडे आज सोपाऱ्यांत नाहींत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहांत आहेत. स्तूपाचा ढिगारा येथें, पात्र तेथें. जागा सुटल्यानें वापराचें पावित्र्य नष्ट होत नाहीं. मात्र तें जपणारा कोणी लागतो.

येथवर गिऱ्हाइकाची बाजू झाली. परंतु त्याच्या प्रेमांत एक स्वार्थ लपलेला असतो, तोहि उघड केला पाहिजे. ‘हें असेंच चालूं राहावें’ असें आपण म्हणतों, तेव्हां कोणीतरी पहांटे चारला उठून वाटण वाटावें, कोणाच्या तरी सुनेनें भट्टीच्या धगींत उभें राहावें, कोणाच्या तरी मुलानें इतर सर्व वाटा सोडून गल्ल्यावर बसावें, अशी मागणी आपण नकळत करीत असतों. आपल्या आठवणी त्यांच्या श्रमांवर उभ्या असतात, आणि त्या श्रमांचें पुरतें मोल चहाच्या बिलांत कधींच नसतें. तें कुटुंब जागा सोडूं म्हणतें, त्या वेळीं त्यास अडविण्याचा अधिकार आपणांस नाहीं. शूर्पारकाची खाडी गाळानें भरत गेली, तेव्हां दुसरीं बंदरें धरणाऱ्या व्यापाऱ्यांस कृतघ्न कोण म्हणेल?

कोणी म्हणेल, असें असेल तर दोन्ही पक्ष मोकळे झाले. मला तसें वाटत नाहीं. हक्क नाहीं म्हणून ऋणहि नाहीं, हा तर्क बाजाराचा आहे, माणसांचा नव्हे. मालकावर एवढें तरी ऋण आहेच कीं, त्यानें आगाऊ सांगून निरोप घ्यावा. पहाटेच्या लोकलनें मुंबईस जाणारा एकटा कामगार, किंवा ज्याच्याशीं दिवसांतून चार शब्द बोलणारें दुसरें कोणी नाहीं असा वृद्ध, यास एके सकाळीं नुसतें खालीं ओढलेलें शटर दिसावें, हें बरें नाहीं. गिऱ्हाइकानें आपली उधारी फेडावी, नवी जागा दूर असली तरी एकदां तेथें जावें, आणि ज्यांच्या हातचें खाल्लें त्यांना तें तोंडानें सांगावें.

आणखी एक मनुष्य या सर्व शोकांत विसरला जातो: वाढपी. मालकास जागेचा मोबदला मिळण्याचा संभव असतो, गिऱ्हाइकापाशीं आठवणी उरतात. ज्यानें त्याच फरशीवरून वर्षानुवर्षें ताटें नेलीं, त्याच्या हातीं कित्येकदां शेवटच्या महिन्याच्या पगारापलीकडे कांहींच पडत नाहीं. आपल्या खंतीचा खरेपणा पाहावयाचा असेल, तर तो येथें पाहावा. जुन्या टेबलाविषयीं चार ओळी लिहिणें सोपें आहे. त्या टेबलावर ताट आणून ठेवणारा उद्यां कोठें काम करणार, हें विचारणें, आणि जमल्यास त्यास काम मिळवून देणें, हा त्या जागेस दिलेला अधिक खरा निरोप होय.