रायफल नेमकी कुठे असते?

सायकल ओव्हरऑइलिंगला टाकलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना सुट्या भागांचं सुख समजावून सांगावं लागत नाही. दुकानदार पोतं अंथरून सायकल उलटी करायचा आणि अर्ध्या तासात ती नाहीशी व्हायची. रॉकेलच्या डब्यात चेन, ताटलीत छर्रे, भिंतीला टेकलेली दोन चाकं. संध्याकाळी ती पुन्हा ‘झालेली’ असायची. घरी हाच उद्योग केला की एखादा छर्रा हमखास उरायचा. त्याच्यावाचून सायकल चालते कशी, या काळजीपेक्षा ती आपण जोडली याचा तोरा मोठा असायचा.

अमेरिकेत हे सुख कितीतरी माणसं रायफलीतून घेतात. गॅरेजमधलं टेबल, वर दिवा, भिंतीवर टांगलेली हत्यारं आणि पुढ्यात टपालाने आलेली खोकी. नळी एका कारखान्याची, दस्ता दुसऱ्याचा, चाप तिसऱ्याचा, दुर्बीण चौथ्याची. बहुतेकांच्या टेबलावर असते ती एआर-१५ या घराण्यातली रायफल. यूजीन स्टोनर या अभियंत्याच्या आखणीतून पन्नासच्या दशकात हे घराणं आर्मालाइट कंपनीत जन्मलं. आर्मालाइट ही एका विमान कंपनीची शाखा, म्हणून लाकूड आणि पोलादाच्या या धंद्यात तिने ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक आणलं. १९५९ मध्ये कोल्ट कंपनीने हक्क विकत घेतले, सत्तरच्या दशकात मूळ पेटंटची मुदत संपली आणि मग कोणीही कुठलाही भाग बनवावा, तो कुठल्याही दुसऱ्या भागाशी जुळावा, अशी बाजारपेठ उभी राहिली. शौकिनाला त्यातून हवं असतं ते नेटकं, आखूड, आपल्या खांद्याच्या मापाचं हत्यार. हाताचं काम त्यात बेताचंच असतं, निवड फार असते. स्वयंपाकापेक्षा ते रुखवत मांडण्याच्या जवळचं आहे. तरी त्यातला आनंद खोटा आहे असं मी म्हणणार नाही. छर्रा उरलेल्या मुलाचा खोटा नव्हता, तसा हाही नाही.

पण सायकलीला न पडणारा एक प्रश्न या टेबलावर पडतो. एवढी खोकी आली, त्यातलं रायफलीचं खोकं कोणतं?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतात, महाराज, आपण रथातून आलात ना, मग रथ दाखवा. आस म्हणजे रथ का? चाकं? जू? लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि अखेर कबूल करतो की या सगळ्यांच्या जुळणीला लोकव्यवहारात दिलेलं नाव म्हणजे रथ. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला या प्रश्न विचारणाऱ्या राजाचंच नाव दिलं, तेव्हा ही गोष्ट आपल्याला नवी नाही. कायद्याला मात्र नागसेनांइतकी मोकळीक नसते. तुरुंगात कोणाला टाकायचं हे ठरवायचं असल्याने त्याला बोट ठेवून सांगावंच लागतं की रथ तो हा.

अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने असं बोट ठेवलं. चाप आणि स्फोटाची यंत्रणा ज्यात बसते तो सांगाडा, म्हणजे रिसीव्हर, हीच रायफल. एआरमध्ये त्याचे दोन तुकडे असतात आणि त्यातल्या खालच्याला, शौकिनांच्या बोलीतल्या ‘लोअर’ला, रायफलीचा मान मिळतो. एक गोळीसुद्धा उडवू न शकणारा तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा! त्याच्यावर क्रमांक, त्याच्यासाठी दुकानदाराची नोंदवही, त्याच्यासाठी ग्राहकाची पार्श्वभूमी तपासणं. बाकीचं सगळं, अगदी नळीसकट, केंद्रीय कायद्याच्या नजरेत नुसतं सामान.

भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याचं उत्तर नेमकं उलटं आहे. तिथे बंदुकीच्या व्याख्येत तिचे सुटे भाग येतात आणि बंदुका बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे नागसेनांनी आस दाखवली की आपला कायदा म्हणतो हा रथ, चाक दाखवलं की म्हणतो हाही रथ, आणि सुताराचा रंधा दाखवला तरी म्हणतो हाही रथच. परवान्यावाचून बंदूक बनवणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. आपल्याकडे या गोष्टीचा ‘छंद’ होऊच शकत नाही. इथे घरी बनतो तो कट्टा, आणि तो बनवणारा त्याचे फोटो काढून मित्रांना पाठवत नाही. या कडकपणाच्या मुळाशी ब्रिटिशांचा १८७८ चा कायदा आहे, आणि प्रजेवरचा अविश्वास हा त्याचा पाया होता, हेही विसरता येत नाही.

अमेरिकन शौकिनाची खरी दमछाक करतात ते इंच. रायफलीची नळी १६ इंचांहून आखूड झाली, किंवा एकूण लांबी २६ इंचांहून कमी भरली, की ती मशिनगनच्या पंगतीला जाऊन बसते. ती बनवण्याआधी सरकारकडे अर्ज, फोटो, बोटांचे ठसे आणि परवानगी. हे न करता जोडली तर दहा वर्षांपर्यंत कैद. साडेपंधरा इंचांना गुन्हा आणि सोळाला छंद, असं का?

याचं उत्तर १९३४ मध्ये आहे. दारूबंदीच्या काळातल्या टोळ्या, शिकागोचं १९२९ चं व्हॅलेंटाइन दिनाचं हत्याकांड, नळी कापलेल्या बंदुका घेऊन बँका लुटणारे लोक, या पार्श्वभूमीवर राष्ट्रीय शस्त्र कायदा आला. त्याच्या मूळ मसुद्यात पिस्तुलंही होती. पिस्तुलावर बंधन आलं की लोक रायफल कापून तिचं पिस्तूल करतील, म्हणून आखूड रायफलही घातली. मग विरोध झाला आणि पिस्तुलं गाळली गेली. आखूड रायफल तशीच राहिली. घर पाडलं, कुंपण ठेवलं. मर्यादाही आधी १८ इंचांची होती, रायफलीपुरती ती १९६० मध्ये १६ वर आली. सरसकट बंदी घालायला अमेरिकेची काँग्रेस कचरत होती, म्हणून वाट काढली कराची. दर नगाला २०० डॉलर. त्या काळी एक टॉमी गन जवळपास तेवढ्याला मिळत असे. हा आकडा पुढे नव्वद वर्षं कोणी बदलला नाही. जे दडपण होतं ते महागाईने झिजून एका बऱ्या दुर्बिणीच्या किमतीहून हलकं झालं. १ जानेवारी २०२६ पासून तर आखूड रायफलीसाठी हा कर शून्य झाला आहे. कर गेला, अर्ज राहिला.

मधल्या काळात पळवाटांचाही एक छंद झाला. दस्ता नसलेलं आखूड हत्यार कायद्याने पिस्तूल ठरतं. २०१२ च्या सुमारास अशा पिस्तुलाच्या मागे लावायचा पट्टा निघाला, हात अधू असलेल्याला ते मनगटाला बांधून धरता यावं म्हणून. थोड्याच दिवसांत धडधाकट माणसं तो पट्टा खांद्याला टेकवू लागली. अशी बहुतेक हत्यारं आखूड रायफलीच आहेत, असा नियम केंद्रीय शस्त्र विभागाने २०२३ मध्ये काढला आणि २०२४ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने तो रद्द केला. वस्तू तीच, टेबलही तेच, पण मालक वर्षभरात कायदेशीर, बेकायदा आणि पुन्हा कायदेशीर. असा कायदा पाळणाऱ्याच्या मनात त्याच्याबद्दल आदर उरला नाही, तर दोष एकट्या पाळणाऱ्याचा नाही.

इथपर्यंत मी शौकिनाच्या बाजूने आहे. लांबीने धोका मोजणं हे अंगठा मोजून माणूस ओळखण्यासारखं आहे, आणि खिशात मावणारं पिस्तूल मोकळं ठेवून गॅरेजमधल्या रायफलीचे इंच मोजण्यात तर्क नाही. अमेरिकेतल्या खुनांत रायफलीपेक्षा पिस्तुलं कितीतरी पटींनी जास्त वापरली जातात. पण इथून पुढे तो जे म्हणतो ते मला पटत नाही. इंचांचा नियम वेडगळ आहे, तेव्हा मी माझ्या घरात माझ्यासाठी काय जोडतो ते कोणाला कळायची गरज नाही, असं तो म्हणतो. या दोन वाक्यांतला ‘तेव्हा’ मला मान्य नाही.

आकाशकंदील आपण घरीच करतो, पण तो टांगतो बाहेर. दिवाळीचा किल्ला पायरीशी असतो आणि वरच्या मजल्यावरच्या काकू त्यावर मत देऊन जातात. खुर्ची केली तर कोणीतरी तिच्यावर बसतं. हाताने केलेल्या वस्तूला दुसरा माणूस लागतो आणि ती बरी झाली की वाईट, हे त्याच्याकडूनच कळतं. जुन्या काळी बंदुकीलाही तो होता, बनवणारा एक आणि नेणारा दुसरा. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं असायचं. घरच्या जोडणीत बनवणारा, नेणारा, पारखणारा आणि ठेवणारा सगळे एकच. क्रमांक, नोंदवही, अर्ज, ठसे, ही सगळी त्या दुसऱ्या माणसाची सरकारी, कंटाळवाणी रूपं आहेत. इंच मोजणं हे त्याचं चुकीचं काम. त्याचं खरं काम बघणं, आणि कधी नुसतं थांबवून ठेवणं.

थांबवण्याला महत्त्व का, ते एका आकड्यावरून दिसतं. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली आणि त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा मारणारा आणि मरणारा एकच. जिथे सगळ्या भूमिका एका माणसात येऊन मिळतात, तिथे मधे कोणीतरी असणं ही अडचण मला वाटत नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे नागसेनांचा प्रश्न जवळजवळ जसाच्या तसा आला. घरी जोडायच्या पिस्तुलाचं खोकं, ज्यातला सांगाडा मुद्दाम थोडा अपुरा ठेवलेला, हे शस्त्र की सामान? पहिल्यांदाच असं खोकं हाताळणाऱ्या एकाने त्यातून २१ मिनिटांत पिस्तूल उभं केल्याचं न्यायालयापुढे आलं होतं. सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने अशा खोक्यांवरचा नियम उचलून धरला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती गोरसच हे शस्त्रनियंत्रणाचे कैवारी म्हणून ओळखले जात नाहीत, तरी त्यांनी फर्निचरच्या दुकानातून खोक्यात आणलेल्या टेबलाचा दाखला दिला. ते जोडायला कित्येक तास लागणार असले तरी माणूस ‘टेबल आणलं’ असंच म्हणतो. मिलिंद राजाही याच लोकव्यवहारापाशी येऊन थांबला होता.

खोकं विकत घेतलंच नाही, धातूच्या कोऱ्या ठोकळ्यातून सांगाडाही स्वतःच घडवला, तर मात्र केंद्रीय कायदा आजही गप्प आहे. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं क्रमांक मागतात, पुष्कळशी मागत नाहीत. पुण्याहून टेक्सासला एच-वनवर गेलेल्या आपल्या मुलाला यातलं काही करता येत नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूक बाळगायलाच मनाई आहे. ग्रीन कार्ड आलं की ती अट गळून पडते.

आखूड रायफलीच्या त्या किचकट अर्जात एक कलम मात्र मला मनापासून आवडतं. परवानगी मिळाली की बनवणाऱ्याने सांगाड्यावर स्वतःचं नाव, गाव आणि राज्य कोरायचं, तेही इंचाच्या तीन हजारांशाइतकं तरी खोल, सहज पुसलं जाणार नाही असं. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात ना, तसं. वाटी शेजारी जाते, कोणाच्या डोहाळजेवणाला पातेलं जातं, आणि नाव वाचून ते बरोबर घरी परततं. शौकिनांना या कलमाचा राग येतो. छान काळ्या रंगावर ओरखडा कशाला, असं त्यांचं म्हणणं. १६ इंचांची, कोऱ्या ठोकळ्यातून घरी घडवलेली रायफल त्याच भिंतीवर शेजारी टांगलेली असते. तिच्यावर काहीच कोरलेलं नसतं.